पसंतीक्रम कोणी लिहायचा?

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात राबणाऱ्या माणसाला 'मेरिट ऑर्डर' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. राज्यातल्या वीज केंद्रांची एक यादी असते. ज्याची वीज स्वस्त त्याचे नाव वर, ज्याची महाग त्याचे खाली. कळव्याचे राज्य भार प्रेषण केंद्र वरच्या नावापासून वीज घेत घेत खाली येते आणि राज्याची गरज भागली की थांबते. आपले केंद्र पडले कोळशाच्या खाणींपासून दूर. वाघिणी भरून कोळसा येतो, त्याचे भाडे विजेच्या दरावर चढते आणि नाशिकचे नाव यादीत खाली घसरते. मग संच बंद ठेवा असा आदेश येतो. संचात बिघाड नसतो, कामगाराची कुचराई नसते. तरी कंत्राटी कामगाराच्या हजेरीला धक्का बसतोच. १४० मेगावॉटचे जुने दोन संच केव्हाच निवृत्त झाले. २१० मेगावॉटचे तीन उरले, त्यांच्याही नशिबी हे चढउतार आहेत.

हे आज सांगण्याचे कारण वेगळे आहे. वीज केंद्राच्या यादीत क्रम कसा लागतो हे आपल्या बापमाणसांना पाठ आहे, पण आपल्या मुलामुलींच्या शिक्षणाच्या जागा ज्या यादीने वाटल्या जातात त्या यादीचा नियम मात्र घराघरात कुणाला ठाऊक नाही.

मागे एकदा आम्ही एकलहऱ्यात एका कामगाराच्या घरी जयभीम करायला गेलो होतो. दहावी झालेल्या मुलीला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता. बाप संचावर, तेव्हा मुलीला विजेचेच वेड. जवळच सामनगावला शासकीय तंत्रनिकेतन. फॉर्म भरायला माय-लेकी नेट कॅफेत गेल्या. तिथला माणूस म्हणाला, "एवढ्या टक्क्यांना सरकारी मिळत नसतं, पहिला नंबर कशाला वाया घालवता?" त्याने एक खासगी कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकले, सामनगाव तिसऱ्यावर. पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम मिळाला. पहिला पसंतीक्रम मिळाला की तोच घ्यावा लागतो, पुढच्या फेऱ्या बंद. याद्या लागल्या तेव्हा कळले की सामनगावची शेवटची जागा तिच्याहून कमी गुणांच्या मुलाला मिळाली होती.

माऊली आम्हांला म्हणाली, "दादा, मार्क पोरीनं आणले आन् नंबर त्या माणसानं लावला."

या एका वाक्याने आम्हांला स्वस्थ बसू दिले नाही. 'पहिला नंबर वाया घालवू नका' हा सल्ला नाशिकरोडपासून देवळालीपर्यंत कुठल्याही वस्तीत ऐकू येतो. तो खरा की खोटा? याचे उत्तर शोधता शोधता आम्ही एका शास्त्रापर्यंत जाऊन पोहोचलो. ते शास्त्र आज वाचकांपुढे ठेवतो आहोत.

वधू-वर पानावरचे गणित

आपल्या साप्ताहिकांत वधू-वर परिचयाचे पान असते आणि घरोघरी ते पहिल्यांदा उघडले जाते, हे आम्ही जाणून आहोत! गंमत अशी की हे शास्त्रही लग्नापासूनच सुरू झाले. १९६२ साली अमेरिकेत डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या दोन गणितज्ञांनी एक छोटा लेख लिहिला. विषय होता कॉलेजप्रवेश आणि टिकाऊ विवाह. वाटताना दोन्ही विषय वेगळे, पण त्यांच्या मते गणित एकच. दोन्हीकडे पैसे मोजून वस्तू उचलायची नाही. मला तू हवास एवढ्याने भागत नाही, तुलाही मी हवी असावी लागते.

त्यांची रीत अशी. वधू-वर मेळाव्यात प्रत्येक मुलाने आपल्या मनातल्या पहिल्या मुलीला मागणी घालायची. मुलीने आलेल्या मागण्यांतली सर्वांत बरी मागणी हाती ठेवायची, बाकीच्यांना नकार द्यायचा. पण होकार पक्का करायचा नाही. सुपारी फोडायची नाही! नकार मिळालेल्याने आपल्या यादीतल्या दुसऱ्या मुलीकडे जायचे. तिला हा आधीच्यापेक्षा बरा वाटला तर तिने हातचा सोडून याला धरायचे. सुटलेला पुन्हा आपल्या यादीत पुढे सरकतो. असे करता करता कुणालाच नवा नकार मिळेनासा होतो, तेव्हा मेळावा संपला. आता सगळ्या जोड्या एकदम पक्क्या. या जोड्यांत अशी दोन माणसे सापडत नाहीत की जी एकमेकांना आपापल्या जोडीदारापेक्षा अधिक पसंत करतात. म्हणून त्या जोड्या टिकाऊ.

यात आणखी एक गोम आहे आणि ती आमच्या भगिनींनी लक्षात घ्यावी. या रीतीत मागणी घालणाऱ्या बाजूचा सर्वांत जास्त फायदा होतो. मुलांनी मागणी घातली तर टिकाऊ जोड्यांपैकी मुलांना सोयीच्या जोड्या जमतात. मुलींनी मागणी घातली तर मुलींच्या सोयीच्या. मुलीने मागणी घालायची नसते असे म्हणणाऱ्यांना गणिताने दिलेले हे उत्तर आहे.

ही केवळ कागदावरची करामत राहिली नाही. अमेरिकेत नवे डॉक्टर आणि रुग्णालये यांची गाठ घालून देणारी एक मध्यवर्ती व्यवस्था १९५२ पासून चालू होती. ऑल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञाने १९८४ साली दाखवून दिले की त्या व्यवस्थेचे वागणे गेल-शॅपलींच्याच रीतीचे आहे. पण तिथे मागणी घालणारी बाजू होती रुग्णालयांची. डॉक्टरांनी तक्रार केली, तेव्हा रॉथ यांच्याकडूनच नवी रीत बांधून घेतली गेली आणि १९९८ पासून मागणीचा हक्क डॉक्टरांकडे आला. २०१२ साली रॉथ आणि शॅपली यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गेल २००८ सालीच वारले होते.

बोस्टनच्या आयाबाया आणि आपण

आता त्या नेट कॅफेवाल्याकडे वळू. त्याचा सल्ला एका विशिष्ट रीतीत अगदी बरोबर ठरला असता. ती रीत अमेरिकेतल्या बोस्टन शहराच्या शाळाप्रवेशात होती. तिथे पहिल्या फेरीत फक्त पहिला पसंतीक्रम पाहत, आणि जागा मिळाली की ती कायमची पक्की करत. उरलेल्या जागांसाठी मग दुसरा पसंतीक्रम.

उदाहरण घेऊ. समजा प्रज्ञाला ९० टक्के, सुजाताला ८५ आणि करुणाला ७०. तीन कॉलेजे, प्रत्येकात एकच जागा. तिघींनाही आधी सरकारी हवे, ते नाही तर अनुदानित, आणि तेही नाही तर लांबचे खासगी. करुणाचा मामा खात्यात आहे. त्याने कानमंत्र दिला की सरकारीचा नाद सोड, अनुदानित पहिल्या नंबरावर टाक. सुजाताला असा मामा नाही, तिने मनातला खरा क्रम लिहिला. बोस्टनच्या रीतीने काय झाले? सरकारी जागा प्रज्ञाला गेली. अनुदानित जागा पहिल्याच फेरीत करुणाला पक्की झाली. सुजाता दुसऱ्या फेरीत अनुदानितच्या दारात पोहोचली तर दार बंद. ८५ टक्केवाली लांबच्या खासगीत आणि ७० टक्केवाली गावात. सुजाताचा गुन्हा एवढाच की ती खरे बोलली.

गेल-शॅपलींच्या रीतीत करुणाची जागा नुसती हाती ठेवलेली असते. सरकारीतून नकार घेऊन सुजाता आली की अनुदानित कॉलेज करुणाला सोडून सुजाताला धरते. कानमंत्राची किंमत शून्य!

२००३ साली अतिला अब्दुलकादिरोग्लू आणि तायफुन सोन्मेझ या दोन तुर्की अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टनच्या रीतीतला हा दोष मांडला. त्या शहरात जाणत्या पालकांचा एक गट एकत्र बसून कुठली शाळा कितव्या नंबरावर टाकायची याचे डावपेच ठरवत असे. ज्या आईला दोन घरची कामे करून असल्या बैठकांना जाता येत नाही, तिचे मूल मागे पडे. २००५ साली बोस्टनने ती रीत टाकून दिली. सोन्मेझ हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, ते पुढे आपल्याच प्रश्नावर आले आहेत.

आपल्या महाराष्ट्रात काय आहे? अकरावीचा ऑनलाइन प्रवेश २००९ साली मुंबईत सुरू झाला, २०१७ साली नाशिक महापालिका क्षेत्रात आला आणि २०२५ पासून सगळ्या राज्याला लागू झाला. डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगला 'कॅप राउंड' आहेत. या प्रक्रियांत गुणवत्ता यादी वरून खाली वाचली जाते. ज्याचा नंबर येईल त्याच्या अर्जातला वरून पहिला जो मोकळा पर्याय असेल तो त्याला मिळतो. तुम्ही ते कॉलेज पहिल्या नंबरावर लिहिले की सातव्या, याला काडीची किंमत नाही. वरचे नाही मिळाले म्हणून खालच्या कॉलेजवरचा तुमचा हक्क कमी होत नाही. तेव्हा 'पहिला नंबर वाया जातो' हे आपल्याकडे साफ खोटे आहे. त्या मुलीने सामनगाव पहिल्यांदा लिहिले असते आणि ते हुकले असते, तरी ते खासगी कॉलेज तिला तसेच मिळाले असते.

मात्र नियम अगदी निर्मळ आहेत असेही आम्ही म्हणणार नाही. अकरावीच्या अर्जात २०२५ साली जास्तीत जास्त दहाच कॉलेजे लिहिता येत होती. दहाही मोठ्या नावांची लिहिली तर हाती भोपळा येऊ शकतो. म्हणून खालच्या दोनतीन ओळी खात्रीच्या असाव्यात. इंजिनिअरिंगला त्याच वर्षी असा नियम आला की पहिल्या फेरीत पहिला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही पर्याय मिळाला तर तो बंधनकारक. म्हणजे तिसरा मिळाला तर पहिल्याची वाट पाहता येत नाही. रिकाम्या जागा राहू नयेत हा त्यामागचा हेतू असेल, पण हिशेब करायला घरात कुणी नाही त्या मुलावर याचा भार अधिक पडतो असे आमचे मत आहे. नियम दरवर्षी बदलतात. माहितीपुस्तिका त्याच वर्षीची वाचावी, शेजारच्या मुलाच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नये.

'ओपन' ही कुणाची जात नव्हे

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या वस्तीत आजही माणसे म्हणतात, "ते ओपनचे, आपण एससीचे." बांधवांनो, इथेच आपण आपल्या हाताने एक दार लावून घेतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १३ टक्के जागा आहेत आणि त्यात नवबौद्ध येतात. केंद्रात बौद्धांना हा हक्क १९९० च्या कायद्याने मिळाला. पण हे १३ टक्के म्हणजे आपल्यासाठी घातलेले कुंपण नव्हे. खुल्या जागा सर्वांच्या आहेत. गुणांवर खुल्या जागेत बसणारा बौद्ध मुलगा राखीव जागांच्या हिशेबात धरायचा नाही, हे १९९२ च्या मंडल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. तो खुल्यात गेला की मागची राखीव जागा दुसऱ्या गरजू मुलाला मिळते.

आयआयटी आणि एनआयटीचे प्रवेश २०१५ पासून एकत्र होतात. ती रीत गेल-शॅपलींच्याच घराण्यातली. कानपूर आयआयटीचे सुरेंदर बसवाना आणि पवई आयआयटीचे शरत चंद्रन हे ती उभारणाऱ्यांपैकी. आपल्या मुलाने एक शाखा लिहिली की यंत्र आधी त्या शाखेच्या खुल्या जागेसाठी त्याला उभे करते, तिथे बसला नाही तर राखीव जागेसाठी. मुलाला वेगळे काही सांगावे लागत नाही.

पण एक पेच असा येई. खुल्या यादीत बसलेल्या मुलाला खुल्यातून मिळणारे कॉलेज दुय्यम, आणि राखीव यादीतून मात्र उत्तम कॉलेज मिळते. हुशार म्हणून त्याने दुय्यम कॉलेज घ्यायचे का? १९९६ साली रितेश साह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्याने राखीव जागेवरचे चांगले कॉलेज घ्यावे, मात्र टक्केवारी मोजताना त्याला खुल्यातलाच समजावे.

मुलींच्या बाबतीत याहून मोठा अन्याय बरीच वर्षे चालला. भरतीत महिलांसाठी समांतर आरक्षण असते, म्हणजे खुल्या जागांत काही महिलांच्या आणि एससीच्या जागांतही काही महिलांच्या. काही ठिकाणी असा अर्थ लावत की खुल्यातल्या महिलांच्या जागा फक्त बिगरमागास महिलांच्या. जास्त गुणांच्या मागासवर्गीय मुलीला सांगत, तू तुझ्या रांगेत जा. परिणामी तिच्याहून कमी गुणांची मुलगी नोकरीत आणि ही घरी. उत्तर प्रदेशच्या पोलीस शिपाई भरतीत नेमके हेच झाले. एका ओबीसी मुलीला २७६.५९ गुण होते, खुल्या प्रवर्गातून निवडलेल्या शेवटच्या महिलेला २७४.८२. तरी ती नापसंत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ डिसेंबर २०२० रोजी न्या. उदय लळित, न्या. रवींद्र भट आणि न्या. हृषीकेश रॉय यांनी ही रीत चुकीची ठरवली. न्या. भट यांनी स्वतंत्रपणे लिहिले की खुला प्रवर्ग हा कुणाचा कोटा नाही, तो सर्व स्त्रीपुरुषांना सारखाच खुला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने त्याआधीच मागासवर्गीय महिलांच्या बाजूने हा अर्थ लावलेला होता, याचा आम्हांला महाराष्ट्रीय म्हणून अभिमान वाटतो.

आणि इथेच ते सोन्मेझ पुन्हा भेटतात. त्यांनी बुमिन येनमेझ यांच्यासह आपल्या देशातल्या या वाटपाचा अभ्यास केला आणि १९९५ च्या एका निकालापासून चालत आलेल्या पद्धतीत हा दोष अटळ आहे, असे गणिताने दाखवले. त्यांनी सुचवलेली दुरुस्ती आणि न्यायालयाने २०२० साली घालून दिलेली रीत एकच निघाली. त्यांचा लेख २०२२ साली जगन्मान्य नियतकालिकात छापून आला. बोस्टनच्या आयांसाठी निघालेले शास्त्र असे फिरत फिरत आपल्या लेकींच्या दारात आले. बाबासाहेबांनी कोलंबिया आणि लंडनला अर्थशास्त्राचाच ध्यास घेतला होता, हे अशा वेळी आठवल्याशिवाय राहत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. नोकरभरतीत वयाची वगैरे सवलत घेतली तर खुल्या जागेवर हक्क सांगता येणार नाही, असा नियम काही ठिकाणी असतो. अर्जातल्या रकान्यावर खूण करण्याआधी जाहिरात पुरती वाचावी.

पैशाची बाजू

काही कॉलेजांचे लोक जूनमध्ये वस्तीत येतात, मॅनेजमेंटच्या जागेवर आजच प्रवेश देतो म्हणतात. आईबाप हुरळतात. पण व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून प्रवेश असेल तरच भारत सरकारची शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप मिळते. मॅनेजमेंटच्या जागेवर पूर्ण फी खिशातून. कंत्राटी कामगाराच्या खिशातून! तीन वर्षांची फी आणि सोसायटीचे कर्ज यांचा हिशेब आम्ही इथे मांडत नाही, ज्याने भरली त्याला तो ठाऊक आहे.

तसेच जातवैधता. पदवीच्या इंजिनिअरिंगला हे प्रमाणपत्र वेळेत नसेल तर राखीव जागा हातची जाते. अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज करून ठेवावा, बारावीच्या निकालानंतर धावपळ करू नये. गुण असून, यादीत नाव असून एका कागदासाठी मागे राहिलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

नाशिककरांना बंद दार म्हणजे काय ते सांगायला नको. १९३० साली काळारामाच्या दारात आपली आजोबा-पणजोबांची पिढी उभी होती. ते दार डोळ्यांना दिसत होते. आजचे दार माहितीपुस्तिकेच्या मधल्या पानावर, बारीक टाइपात असते. विहारात वर्षावासात ग्रंथवाचन होते, तसे जूनच्या दोन रविवारी त्या पुस्तिकेचेही वाचन करावे असे आम्हांला वाटते. शिकलेल्या एका मुलाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी शंका विचाराव्यात. पसंतीक्रम मुलाने स्वतः आधी वहीत लिहावा. नेट कॅफेवाल्याने फक्त टंकलेखन करावे आणि अर्ज पक्का करण्याआधी वहीशी ताडून पाहावा.

ती एकलहऱ्याची मुलगी पहाटे सहाची बस धरून खासगी कॉलेजात जाते. इलेक्ट्रिकलच करते आहे, चांगले करते आहे. तिचा धाकटा भाऊ आता दहावीला आहे. परवा आम्ही गेलो तेव्हा माऊलीने भिंतीवरच्या कॅलेंडरची मागची बाजू दाखवली. तिथे पेन्सिलीने सात कॉलेजे लिहिली होती. अक्षर मुलाचे, पण दोन नावे खोडून खालीवर केलेली होती. "हे ताईनं केलं," तो म्हणाला. पहिल्या ओळीवर सामनगाव होते.